ईव्ह ऑनलाइनचं स्कॅनिंग: यंत्र उत्तम, शिकवणी अर्धवट

बहुतेक अवकाश-खेळांत स्कॅनर म्हणजे एक बटण असतं. दाबलं की लक्ष्याभोवती चौकट उमटते, मग जहाज तिकडे वळवायचं एवढंच काम उरतं. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ ६ मे २००३ पासून चालू आहे. त्यातला स्कॅनर मधल्या काळात बराच बदलला, पण आयती चौकट हातात द्यायची नाही हा हट्ट कंपनीने सोडलेला नाही. लक्ष्य आहे, एवढं स्कॅनर सांगतो. ते नेमकं कुठे आहे, हे खेळाडूने भूमितीने काढायचं. माझ्या मते या प्रकारच्या खेळांतलं हे सगळ्यात चांगलं शोधयंत्र आहे. नवे खेळाडू त्याला कंटाळतात हेही खरं, आणि त्याचा दोष यंत्रापेक्षा शिकवणीकडे जास्त जातो. परीक्षण फक्त स्कॅनरचं आहे. खेळातला बाजार, राजकारण आणि मोठ्या लढाया यांचा विषय वेगळा.

जहाजात स्कॅनर दोन असतात. पहिला डायरेक्शनल स्कॅनर, ज्याला सगळे डी-स्कॅन म्हणतात. तो प्रत्येक जहाजात असतो, त्याला ना सुटा भाग लागतो ना कौशल्य. दुसरा प्रोबचा, म्हणजे जहाजातून अवकाशात सोडायच्या छोट्या शोधयंत्रांचा. त्यासाठी लाँचर बसवावा लागतो, प्रोब विकत घ्यावे लागतात आणि ॲस्ट्रोमेट्रिक्स हे कौशल्य शिकावं लागतं. खेळातले करिअर एजंट, म्हणजे नवख्यांना धडे देणारी पात्रं, प्रोब कसे सोडायचे ते शिकवतात. डी-स्कॅनने लक्ष्याचा माग कसा काढायचा, ते मात्र कोणी नीट सांगत नाही. सगळ्यात मोठी उणीव हीच, म्हणून सुरुवात डी-स्कॅनपासून.

डी-स्कॅनचा पल्ला जास्तीत जास्त १४.३ एयूच्या थोडा पुढे जातो. एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य, सुमारे १४.९६ कोटी किलोमीटर. किलोमीटरमध्ये ही मर्यादा २,१४,७४,८३,६४७ इतकी भरते. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांत कोड लिहिणाऱ्यांना हा आकडा बघताक्षणी ओळखू येईल: ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावणारी ती सर्वांत मोठी संख्या आहे. पल्ल्याचा आकडा असा विचित्र का, याचं उत्तर तिथेच मिळतं. व्यवहारात लक्षात ठेवायची गोष्ट निराळी. अनेक सूर्यमाला या पल्ल्यापेक्षा कितीतरी मोठ्या असतात. गेटवर, म्हणजे दुसऱ्या मालेत जाण्याच्या दारापाशी, उभं राहून स्कॅन मारला आणि यादी कोरी आली, तर माला रिकामी आहे असं समजू नका. फार तर तुमच्या आजूबाजूचे १४ एयू रिकामे आहेत.

खिडकीत दोन सरकपट्ट्या असतात: एक अंतराची, दुसरी कोनाची. कोन ३६० अंशांपासून ५ अंशांपर्यंत खाली येतो. यादीत जहाजाचा प्रकार आणि मालकाने ठेवलेलं नाव दिसतं. दूर असलेल्या जहाजाच्या अंतराचा रकाना मात्र रिकामा असतो. ते अंतर तुम्हीच काढायचं. समजा, ३६० अंश आणि पूर्ण पल्ल्यावर ‘व्हेक्सर’ प्रकारचं एक जहाज दिसलं. पल्ला ७ एयूवर आणा. अजून दिसतंय? ३.५ वर आणा. गायब झालं, म्हणजे ते ३.५ आणि ७ च्या मधे आहे. आता ५, दिसतंय. मग ४.२, नाही. ४.६, दिसतंय. म्हणजे लक्ष्य ४.२ ते ४.६ एयूंच्या पट्ट्यात सापडलं. ओव्हरव्ह्यूत, म्हणजे पडद्यावरच्या आसपासच्या वस्तूंच्या यादीत, ग्रह, चंद्र आणि लघुग्रहांचे पट्टे यांची अंतरं आधीच लिहिलेली असतात. या अंतरात बसणारे ग्रह बहुधा एक-दोनच निघतात. मग कोन ६०, ३० असा कमी करत प्रत्येक ग्रहाकडे बघून स्कॅन मारा आणि शेवटी ५ अंशांवर खात्री करा. प्रत्येक वेळी निम्मं अंतर बाद होतं, त्यामुळे सगळं मिळून आठ-दहा स्कॅन पुरतात. दोन स्कॅनमध्ये दोन-तीन सेकंद थांबावं लागतं, तेवढाच काय तो वेळ. V दाबून धरून ओव्हरव्ह्यूतल्या वस्तूवर क्लिक केलं तर स्कॅन थेट त्या दिशेने जातो. कॅमेरा हाताने फिरवण्यापेक्षा हे फार सोपं, म्हणून पहिल्या दिवसापासून हीच सवय लावा.

दिशेबाबत एक गफलत नेहमी होते. डी-स्कॅन कॅमेऱ्याच्या रोखाने जातो, जहाजाच्या नाकाशी त्याचा काही संबंध नाही. जहाज ग्रहाकडे तोंड करून उभं आहे आणि कॅमेरा मागे वळलेला आहे, तर ५ अंशांचा स्कॅन जाणार मागेच. खिडकीत याची सूचना कुठेही ठळकपणे दिलेली नाही.

दुसरी चूक याहून महाग पडते. डी-स्कॅनच्या खिडकीत सध्याच्या ओव्हरव्ह्यूची गाळणी वापरण्याचा पर्याय असतो. तो चालू असेल आणि ओव्हरव्ह्यूत प्रोब लपवलेले असतील, तर जहाजं शोधणारे शत्रूचे कॉम्बॅट प्रोब तुमच्याभोवती फिरत असतानाही यादी स्वच्छ दिसते. एकतर हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर स्कॅनसाठी वेगळा ओव्हरव्ह्यू तयार करून त्यात सगळी जहाजं, प्रोब, ड्रोन आणि भंगार चालू ठेवा. भंगार आणि ड्रोन का, तर त्यांवरून जहाज नुसतं उभं आहे की कुठल्या साइटवर, म्हणजे लढाईच्या किंवा लुटीच्या ठिकाणी, काम करतंय ते कळतं. व्हेक्सरच्या जोडीला तीन ड्रोन आणि दर मिनिटाला वाढणारं भंगार दिसलं, तर त्याचं लक्ष कामात गुंतलं आहे असं खुशाल धरा.

नावाचंही तसंच. नव्या जहाजाला खेळ आपोआप चालकाच्या नावाचं नाव देतो. ते तसंच राहू दिलं, तर १४ एयूंवरच्या परक्यालाही तुमचं नाव वाचता येतं. जहाज घेतल्याबरोबर नाव बदला.

डी-स्कॅनला काय दिसत नाही, तेही पक्कं माहीत हवं. क्लोक केलेलं, म्हणजे यंत्राने अदृश्य झालेलं, जहाज दिसत नाही. कर्स, ह्यूगिन, लॅकेसिस आणि रूक ही कॉम्बॅट रिकॉन जहाजंही २०१५ पासून डी-स्कॅनवर येत नाहीत. वर्महोलच्या, म्हणजे तात्पुरत्या बोगद्यांतूनच पोहोचता येणाऱ्या, अवकाशात तर कोणी बोलल्याशिवाय लोकल चॅटमध्ये, म्हणजे त्या मालेतल्या खेळाडूंच्या यादीत, त्याचं नावच येत नाही. तिथे दर काही सेकंदांनी मारलेला डी-स्कॅन ही तुमची एकमेव चाहूल, आणि तीही अपुरी. हा अपुरेपणा मुद्दाम ठेवलेला आहे आणि तो मला पटतो. शिकारी आणि सावज दोघांकडे सारखंच यंत्र आहे, दोघांना त्याच्या त्याच मर्यादा आहेत. खेळ त्यामुळेच खरा वाटतो.

आता प्रोब. कोअर प्रोब साइट आणि वर्महोल शोधतात; जहाजं त्यांना सापडत नाहीत. कॉम्बॅट प्रोब जहाजंही शोधतात. कोअरचा पल्ला ०.२५ एयूपर्यंत खाली येतो, कॉम्बॅटचा ०.५ पर्यंत. कोअर लाँचरला जहाजाच्या सीपीयूतले, म्हणजे संगणक-क्षमतेतले, १५ टेराफ्लॉप लागतात. कॉम्बॅट प्रोब सोडणाऱ्या एक्सपांडेड लाँचरला लागतात २२०. साध्या फ्रिगेटवर, म्हणजे छोट्या जहाजावर, तो बसवला की बाकीच्या भागांसाठी जवळजवळ काही उरत नाही. आधी कोअर घ्या.

सूर्यमालेत शिरताच सिग्नेचरची, म्हणजे अजून न सापडलेल्या ठिकाणांच्या संकेतांची, यादी आपोआप येते: तीन अक्षरं, तीन अंक, पुढे ०%. आठही प्रोब सोडा आणि पिनपॉइंट रचना, म्हणजे प्रोबची एका जागेभोवतीची दाट मांडणी, निवडा. एक सिग्नेचर धरा, बाकीच्या दुर्लक्षित करा, नाहीतर नकाशावर लाल ठिपक्यांची दाटी होते. पल्ला ८ एयू ठेवून रचनेचा मध्य खुणेवर आणा आणि स्कॅन करा. नवी खूण आली की मध्य तिच्यावर न्या, पल्ला ४ करा. मग २, १, ०.५ आणि गरज पडली तर ०.२५. पल्ला निम्मा केला की प्रोबची ताकद दुप्पट होते आणि खुणेतली चूक कमी होते. २५% झाले की साइटचा गट कळतो, ७५% ला नाव, १००% ला तिथे वॉर्प, म्हणजे अतिवेगाने झेप, घेता येते. एका स्कॅनला मूळ वेळ १० सेकंद लागतो, कौशल्याने तो कमी होतो.

खुणेचा आकार नीट वाचला तर निम्मं काम तिथेच होतं. सिग्नेचर एकाच प्रोबच्या कक्षेत असेल तर खूण पोकळ गोळ्यासारखी येते, कारण लक्ष्य त्या गोळ्याच्या पृष्ठभागावर कुठेही असू शकतं. दोन प्रोबना दिसली तर दोन गोळे जिथे छेदतात तिथलं वर्तुळ मिळतं. तिघांना दिसली तर दोन ठिपके, त्यांतला एक खोटा. चौघांना दिसली तर एकच ठिपका. म्हणजे दोन ठिपके आले की ताकद वाढवायला जाऊ नका. रचना थोडी सरकवून चौथा प्रोब कक्षेत आणा. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा मूळ बिंदू आपल्या माळव्यातच, सिरोंजजवळच्या कल्याणपूरच्या टेकडीवर आहे. त्या सर्वेक्षणात कोन मोजून जागा ठरवत गेले. प्रोब अंतरं मोजून ठरवतात. गणित जवळचंच आहे. ज्यांना शाळेत भूमिती आवडली, त्यांना हा भाग मनापासून आवडेल.

खूण हाती लागत नाही याचं नेहमीचं कारण एकच: उंची. नकाशा वरून बघितला तर प्रोबचा मध्य खुणेवर अगदी बरोबर बसलेला दिसतो. बाजूने फिरवला की कळतं, प्रोब अर्धा-पाऊण एयू वर तरंगताहेत. ८ एयूच्या कक्षेत ही चूक खपते, ०.५ ला सिग्नेचर कक्षेबाहेर जाते आणि टक्केवारी ६० वरून एकदम २० वर घसरते. म्हणून दर वेळी नकाशा दोनदा बघायचा. आधी वरून बघून प्रोबभोवतीच्या घनाच्या बाजूच्या बाणांनी आडवं जुळवा, मग नजर क्षितिजाला आणून उभं जुळवा. टक्केवारी घसरली तर तिथेच ढकलाढकली करू नका. एक पायरी मागे, दुप्पट पल्ल्यावर जा आणि पुन्हा मध्य जुळवा.

मध्य अचूक आहे, पल्ला सगळ्यात लहान आहे आणि तरी सिग्नेचर ८०-९० टक्क्यांवर अडली असेल, तर हात बरोबर आहे, ताकद कमी पडते आहे. ॲस्ट्रोमेट्रिक्स आणि ॲस्ट्रोमेट्रिक रेंजफाइंडिंग या दोन्ही कौशल्यांच्या प्रत्येक पातळीला ५% ताकद मिळते. रिगच्या, म्हणजे जहाजात कायम बसवायच्या सुधारणेच्या, जागी ग्रॅव्हिटी कपॅसिटर अपग्रेड बसवलं तर प्रत्येकी १०%. खेळातल्या ‘सिस्टर्स’ या संस्थेचे प्रोब साध्यांपेक्षा ताकदवान असतात, महागही असतात. पैसे कमी असतील तर आधी रिग, नंतर प्रोब. जहाज हेरॉन, इमिकस, मॅग्नेट किंवा प्रोब (या नावाचं जहाजही आहे) यांपैकी कुठलंही चालेल. चारही शोधफ्रिगेट स्वस्त आहेत, आणि हरवलं तर दुसरं घेताना जीव तुटत नाही.

साइटवर पोहोचण्याआधी तिचं नाव वाचा. वर्महोलमध्ये ‘फरगॉटन’ किंवा ‘अनसिक्युअर्ड’ने सुरू होणाऱ्या साइटवर स्लीपर नावाची संगणकाने चालवलेली शत्रू-यंत्रं पहारा देतात, फ्रिगेट तिथे टिकत नाही. गुरिस्टास, सर्पेंटिस, ब्लड रेडर, सान्शा किंवा एंजल या चाच्यांच्या टोळ्यांचं नाव असलेल्या रेलिक (अवशेष) आणि डेटा साइटवर मात्र पहारेकरी नसतात. म्हणजे ७५% चा टप्पा नुसत्या कुतूहलाचा नाही. जायचं की नाही ते तिथेच ठरतं.

जहाज शोधायचं असेल तर दोन्ही स्कॅनर एकत्र लागतात, आणि यंत्राचा खरा कस तिथेच दिसतो. कॉम्बॅट प्रोब सावजाच्या डी-स्कॅनवर दिसतात. ८ एयूवरून उतरत पाच वेळा स्कॅन करत बसलात, तर तो पहिल्याच वेळी निघून जाईल. म्हणून प्रोब १४.३ एयूंच्या पलीकडे, सूर्यमालेच्या प्रतलाच्या खूप वर नेऊन ठेवा. मग वर सांगितल्याप्रमाणे निव्वळ डी-स्कॅनने दिशा आणि अंतर काढा. हिशोब असा: ४.५ एयूवर ५ अंशांच्या शंकूची रुंदी साधारण ०.४ एयू होते आणि अंतरातली अनिश्चितता ०.४ च्या आत आणता येते. हा तुकडा ०.५ एयूच्या प्रोबना झेपतो. हेच लक्ष्य १२ एयूवर असेल तर शंकू एक एयूहून रुंद होतो, नेम चुकतो. आधी एखाद्या जवळच्या ग्रहावर जाऊन अंतर कमी करा. जागा पक्की झाली की सगळे प्रोब एकदम त्या ठिकाणी आणा, एकच स्कॅन मारा, १००% आले की लगेच वॉर्प करा आणि प्रोब परत बोलवा.

लक्ष्याची ओळख ही सिग्नेचर त्रिज्या आणि सेन्सरची ताकद यांच्या गुणोत्तरावर ठरते. मायक्रोवॉर्पड्राइव्ह हे वेगवर्धक इंजिन चालू असलेलं जहाज त्रिज्या फुगल्यामुळे चटकन सापडतं, ढाल वाढवणारा शील्ड एक्स्टेंडर लावलेलंही. सेन्सर बळकट केलेलं छोटं जहाज एका स्कॅनमध्ये क्वचितच मिळतं. पहिल्या प्रयत्नात ९२% आले तर दुसरा स्कॅन मारायचा का, हा निर्णय यादीतल्या प्रकारावरून आधीच घेऊन ठेवा. तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

इंदूरहून खेळणाऱ्यांसाठी थोडं. सर्व्हर लंडनला आहे, पिंग लांबचाच राहणार. पण हा खेळ सेकंदाच्या ठोक्याने चालतो, त्यामुळे स्कॅनिंगमध्ये तो जाणवत नाही. त्रास देतं ते कनेक्शन तुटणं. अवकाशात तुटलं तर जहाज आपोआप दूर वॉर्प करतं आणि लढाईचा टायमर नसेल तर मिनिटभराने नाहीसं होतं. तेवढ्या मिनिटात कॉम्बॅट प्रोबवाला ते शोधू शकतो. पावसाळ्याआधीच्या वादळांत वीज जाते तेव्हा संगणकासोबत राउटरही यूपीएसवर असलेला बरा. परत आल्यावर प्रोब गेले असं समजू नका: प्रोबचं आयुष्य एक तास असतं आणि हरवलेल्या प्रोबशी पुन्हा जोडण्याचं बटण स्कॅनरच्या खिडकीत आहे.

रोजचा डाउनटाइम, म्हणजे सर्व्हर देखभालीसाठी बंद होण्याची वेळ, ११:०० यूटीसीला, म्हणजे आपल्याकडे दुपारी ४:३० ला. त्यानंतर सिग्नेचरचे क्रमांक बदलतात. काल वहीत लिहून ठेवलेला क्रमांक आज निरुपयोगी. जागा बुकमार्क करा. ४:३० नंतरचे तीन-चार तास त्या मानाने शांत असतात आणि एकट्या शोधकासाठी सगळ्यात चांगले. रात्री दहानंतर, सराफ्यात खाणाऱ्यांची गर्दी चढते त्याच सुमाराला, युरोपातले शिकारी कामावरून घरी येऊन लॉगिन करतात. आपल्या सकाळी अमेरिकेची संध्याकाळ असते, तेव्हाही सावध राहा.

तक्रारी मोजक्या, पण खऱ्या. नकाशात खोलीचा अंदाज देणारी रेघ किंवा सावली आणखी ठळक हवी. उंचीची चूक निम्म्याने कमी होईल. लहान लॅपटॉपच्या पडद्यावर नकाशा, प्रोबची खिडकी, डी-स्कॅन आणि ओव्हरव्ह्यू एकत्र मावत नाहीत. इंटरफेस ९०% वर आणला तर मावतात, पण अक्षरं डोळ्यांना त्रास देतात. खेळ मराठी किंवा हिंदीत नाही, त्यामुळे साइटची लांबलचक इंग्रजी नावं लहान मुलांना अवघड जातात. लपून फिरणारी कव्हर्ट ऑप्स जहाजं पैसे भरून घेतलेल्या ओमेगा खात्यालाच मिळतात. फुकटच्या अल्फा खात्यावर स्कॅनिंग शिकता येतं, पण लपून फिरण्याची मजा तिथे नाही.

ज्यांना झटपट गोळीबार हवा, त्यांनी या वाटेला जाऊ नये. ज्यांना शोधण्यातच रस आहे, त्यांनी अल्फा खातं उघडून पहिले काही दिवस प्रोबला हातच लावू नये. सुरक्षित मालेत गेटपासून थोडं लांब थांबायचं, यादीतलं कुठलंही एक जहाज निवडायचं आणि ते कुठल्या ग्रहापाशी आहे ते नुसत्या डी-स्कॅनने ओळखायचं. मग तिथे वॉर्प करून उत्तर तपासायचं. कोणी चिडत नाही, काही खर्च होत नाही. पाच अंशांवर लक्ष्य पकडायला अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ लागायला लागला, की प्रोब लाँचर विकत घ्या.